आधी तोंड बघणारी नाएको

नाएको लग्न होऊन डोंगरातून कोउराला आली, तेव्हा तिला एका गोष्टीची पक्की खात्री होती. संसारातलं दुसरं काही येवो न येवो, मासे आपल्याला कळतात. बाप कोळसे पाडायचा, पण उन्हाळा लागला की भट्टी विझवून नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा, आणि काठाने टोपली घेऊन ही लेक. आयु माशाला कोवळ्या काकडीचा वास येतो, त्यामुळे तो डोळे मिटूनही ओळखावा. अमागोच्या अंगावर शेंदरी ठिपके असतात. शिंगाडा हाताला बुळबुळीत लागतो आणि त्याला चिखलाचा वास येतो. हे सगळं तिला अक्षरओळख होण्याआधीच येत होतं.

कोउरा त्याच नदीच्या तोंडाशी आहे. माहेरून सकाळची बस धरली की दुपारच्या जेवणाला माणूस इथे पोचतो. पण तेवढ्या वाटेत नदीचे सगळे मासे बदलून जातात, हे नाएकोला कुणी सांगितलं नव्हतं.

सासरच्या ओकुनोंचं गळाचं दुकान बंदराच्या वळणावर. काठ्या, दोरे, शिसं, आमिषाचे वळवळणारे किडे. भिंतीवर माशांचा एक रंगीत तक्ता, उन्हाने विटलेला. त्यातले सगळे मासे डावीकडे तोंड करून, आणि बोटाएवढा असो की हाताएवढा, सगळे एकाच मापाचे. लोक आमिष घ्यायला सकाळी येत आणि परतताना पुन्हा डोकावत. बादलीत एखादा अनोळखी जीव असायचाच. "हा कोण? खायचा का?" हा प्रश्न दुकानाइतकाच जुना होता. उत्तर द्यायची सासूबाई, हात्सु.

लग्नाला आठवडा झाला असेल. हात्सु देवळात गेलेली. टपाल कचेरीतले एक गृहस्थ बादली घेऊन आले.

"सूनबाई का? बघा बरं हा. चिनू आहे की किबिरे?"

नाएकोने मासा उचलला, उलटसुलट केला आणि सवयीप्रमाणे नाकाशी नेला. समुद्राचा वास आला. दुसऱ्यांदा हुंगला. परत समुद्रच. तेवढ्यात दारातून सासूचा आवाज आला.

"काय गं, मांजर घरात आणलं की काय मी?"

गृहस्थ पोट धरून हसले. हात्सुने पायातली खडाव काढली, पुढे झाली आणि माशाच्या पोटाखालचे पर पसरून दाखवले. "पिवळे दिसतात ना? किबिरे. पण रंगावर जाऊ नये. मेल्यावर रंग उतरतो. इथे, पाठीवरच्या काट्यांपासून अंगाच्या ह्या रेघेपर्यंत खवल्यांच्या ओळी मोज. चिनूला जास्त भरतात, ह्याला कमी."

नाएको मोजत बसली. एकदा पाच भरल्या, एकदा तीन, एकदा भलत्याच. गृहस्थ मासा घेऊन गेले तरी तिची बोटं हवेत मोजतच होती. रात्री नवऱ्याने, ताकेजीने, विचारलं, "आई रागावली का?" तर ही म्हणाली, "अहो, पण खवले असे तिरपे का बसवलेत? सरळ ओळीत का नाहीत?"

ताकेजी माणूस मुकाटा. बंदरातून होडीने गळवाल्यांना बाहेरच्या खडकांवर सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, हे त्याचं काम. तो म्हणाला, "तळला की सगळे सारखेच." आणि कुशीवर वळला.

त्यानंतरचं वर्ष नाएकोने प्रश्न विचारण्यात घालवलं. बोय माशाला लहानपणी एक नाव, मध्यम झाला की दुसरं, मोठा झाला की तिसरं, हे ऐकून ती चक्रावलीच. "एकच मासा ना पण? मग नाव का बदलायचं?"

"तू नाएको मियावाकी होतीस. आता ओकुनो झालीस," हात्सु म्हणाली. "तुला कुणी विचारलं होतं?"

"मला तरी विचारलं होतं. माशाला कोण विचारतं?"

हात्सुने तिच्या हातात किड्यांचा खोका दिला आणि तिला गिऱ्हाइकाकडे पिटाळलं.

सासू तशी तोंडाने फटकळ. प्रेमाची नाही असं नव्हे, पण ते दिसू द्यायची तिला लाज वाटे. ते नाएकोला दिसलं एका माशामुळेच. त्या उन्हाळ्यात धक्क्यावर कुणीतरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, मिशाळ, बोटाएवढे मासे गळातून काढून टाकून दिले होते. नाएकोला वाटलं, अगंबाई, हे तर आमच्या शिंगाड्याचं पिल्लू! नदीत जसं धरायची तसंच मुठीत धरलं, आणि धक्का दणाणून जाईल अशी किंचाळली. त्या माशाच्या परांत विषारी काटे असतात. हात कोपरापर्यंत सुजला. हात्सुने तिला ओढत घरी नेलं, सोसवेल तितक्या कढत पाण्यात हात बुडवला आणि पाणी निवेल तसं नवं घालत, सुनेचं मनगट धरून दुपारभर बसून राहिली.

"गोन्झुई म्हणतात त्याला. नाव घेताना लक्षात राहील आता."

"आई, त्याच्या मिशा किती होत्या बघितल्या का तुम्ही? आमच्याकडच्याला चार असतात."

"हात जळतोय ना तुझा?"

"जळतोय. पण ह्याला जास्त होत्या."

हात्सुने कपाळावर हात मारला. मग उठली, धक्क्यावर गेली आणि चिमट्याने धरून एक मेलेला गोन्झुई घेऊन आली. दोघींनी मिशा मोजल्या. आठ निघाल्या. सासूने जन्मभर हा मासा पाहिला होता, पण मिशा कधी मोजल्या नव्हत्या. त्या दिवसापासून तिने सुनेला मांजर म्हणणं सोडलं.

पुढे हात्सु थकली आणि गेली. ताकेजीचे केस पांढरे झाले. दुकानात किड्यांच्या खोक्यांशेजारी नाएकोने एक दोरी बांधली होती. तिला माशांचे वाळवलेले जबडे टांगलेले असत. खवले गळतात, रंग विटतो, पर मोडतात, पण जबडा टिकतो आणि मासा काय खाऊन जगला ते सांगतो, असं तिचं म्हणणं. नवखं गिऱ्हाईक ते जबडे बघून दचकायचं. जुनी माणसं त्यांना टोपी अडकवायची.

जुन्या माणसांत पहिला नंबर गेन्सुके न्हाव्याचा. चढावर त्याचं केस कापायचं दुकान. तिथे खुर्चीत बसलेल्याला हलता येत नाही ह्याचा फायदा घेऊन तो आपल्या माशांच्या कहाण्या सांगे. कात्री एकीकडे चाले आणि मासा दुसरीकडे वाढत जाई. ताकेजीचा तो बालमित्र. बायको योने त्याच्याहून चार पावसाळे मोठी. सबंध आयुष्य संत्र्यांच्या बागेत वाकून काढलेलं, बोलणं मोजकं, पण जे बोलेल ते वर्मी लागणारं.

हिवाळ्यातला रविवार होता. दुकानात गर्दी. शहरातून आलेली मंडळी बुदाई माशासाठी समुद्री शेवाळ मागत होती. आमच्याकडे हिवाळ्यात बुदाई शेवाळावरच लागतो, आणि त्याच दिवसांत त्याचं मांस गोड होतं. त्याचं काळीज रश्श्यात विरघळवलं की हंडीला जी चव येते ती आमच्या गावाला नवीन नाही. अशा घाईत गेन्सुके दारातूनच ओरडला.

"वहिनी! बघा, बघा! कसला धिप्पाड बुदाई!"

टोपलीत शेवाळाच्या गुंडाळीखाली मळकट निळसर, हिरवट कूस दिसत होती. मोठे खवले. नाएकोच्या एका हातात तराजू, दुसऱ्यात पिशवी.

"बुदाईच ना?"

"हो हो, बुदाई. नर दिसतोय," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

गेन्सुके शीळ वाजवत चढ चढून गेला. गर्दी ओसरली. नाएको उरलेलं शेवाळ पाण्यात भिजत घालत होती. शेवटचं गिऱ्हाईक दोरा निवडत रेंगाळलं होतं, ते सहज म्हणालं, "त्या न्हाव्याचं नशीब बघा. आम्ही सकाळपासून शेवाळ लावून बसलो, काही नाही. ह्यानं बाहेरच्या खडकावर बसून खेकडा लावला, आणि पहिल्याच फटक्याला ते धूड."

"खेकडा?" नाएकोचा हात पाण्यातच थांबला.

"हो. शेवाळाला काही लागेना म्हणून."

उन्हाळ्यात बुदाई खेकडा खातो, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण थंडीत त्याच्या नाकासमोर खेकडा नाचवला तरी तो बघत नाही. मग हा कशाला भुलला? भुललाही असेल. माणसासारखा मासाही एखादे दिवशी आपली रीत मोडतो. पण नाएकोच्या मनात तो प्रश्न कुसळासारखा रुतला. तिने डोळे मिटून टोपली आठवली. निळसर कूस. मोठे खवले. कपाळ? कपाळ शेवाळाखाली होतं. आणि तोंड?

तोंड तिने पाहिलंच नव्हतं.

बुदाईचा एक लांबचा भाऊ आहे, निळा बुदाई. दक्षिणेच्या कोमट पाण्यातला, पण चुकूनमाकून इकडे येतो. म्हातारा झाला की त्याच्या कपाळावर टेंगूळ येतं, मग कुणीही ओळखेल. तरुणपणी मात्र तो आपल्या बुदाईत खपून जातो. बऱ्याच लोकांनी तो खाल्लाय आणि ढेकर दिलीय. काहींनी खाल्लाय आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं अंग लाकडासारखं ताठून गेलंय, एकदोघं जीवानिशीही गेलेत. विष मांसापेक्षा काळजात जास्त, आणि ते उकळून जात नाही. हे हात्सु सांगायची, शेजारच्या बंदरातली हकिगत म्हणून.

नाएकोने दोरीवरून बुदाईचा जबडा ओढून काढला आणि मागच्या दाराने हाक मारली, "अहो! गाडी काढा!"

ताकेजी जाळं विणत बसला होता. "काय झालं?"

"गेन्सुकेभाऊजींच्या माशाचं तोंड बघायचंय."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा अशा वाक्याला का म्हणून विचारत नाही. त्याने गाडी काढली.

गेन्सुकेकडे दिवेलागणीच्या आधीच जेवायची रीत. हे दोघं पोचले तेव्हा बुटक्या मेजाच्या मधोमध मातीची हंडी रटरटत होती, कोबी आणि टोफू वर तरंगत होते, आणि गेन्सुके हातात काड्या घेऊन नुकताच मांडी घालत होता.

"या या! वास आला वाटतं तिकडे! योने, दोन वाट्या आण."

"भाऊजी, थांबा. खाल्लंत का?"

"आत्ता सुरुवात. का?"

"डोकं कुठाय माशाचं?"

"हंडीत! डोक्याशिवाय रस्सा होतो का?"

नाएकोने त्याच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या आणि हंडीत घातल्या. गेन्सुके बघतच राहिला. डोक्याचा अर्धा भाग वर आला. तिने तो बशीत ठेवला, फुंकर घालत ओठांचं मांस बाजूला केलं. मग खिशातला वाळका जबडा शेजारी ठेवला.

"हे बघा. हा आपला बुदाई. दात बघा, कौलं घातल्यासारखे, एकावर एक. एकेक वेगळा मोजता येतो. आणि हा तुमचा."

तिघं वाकून बघायला लागले. हंडीतल्या माशाच्या तोंडात दात असे नव्हतेच. पोपटाच्या चोचीसारखी गुळगुळीत, सलग पट्टी होती.

"झिजलेत दात," गेन्सुके म्हणाला. "म्हातारा असेल. माझेही झिजलेत."

"तुमचे पडलेत," योने म्हणाली.

"भाऊजी, हा निळा बुदाई आहे. काळीज टाकलंत का ह्यात?"

"म्हणजे काय! आख्खं! तेच तर खरं..." तो थांबला. "वहिनी, तुम्हीच म्हणालात ना बुदाई म्हणून? भर दुकानात, लोकांदेखत?"

"म्हणाले. न बघता म्हणाले."

"मग आता बघून काय म्हणताय? विष आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" गेन्सुकेचा आवाज चढला. "हे बरंय! दुपारी बुदाई, संध्याकाळी पोपट, आणि विष आहे का, तर माहीत नाही! माझ्या आज्याने असले पन्नास खाल्ले असतील!"

"खाल्ले असतील, आणि काही झालंही नसेल. हा खाल्लात तरी कदाचित काही होणार नाही. पण होईल की नाही, हे मला बघून सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

गेन्सुके काही बोलणार, एवढ्यात ताकेजी उठला. त्याने दोन्ही हातांत बसायच्या गाद्या धरल्या, त्यांत हंडी धरली आणि तो मुकाट्याने दाराबाहेर चालता झाला. गेन्सुके अनवाणी त्याच्या मागे धावला. "ताके! अरे ताके! लेका, हंडी माझ्या आईची आहे!" परसात ताकेजीने कुदळ मागितली. मांजरांनी उकरू नये म्हणून बेताचा खोल खड्डा खणला आणि रस्सा, कोबी, टोफू सगळं त्यात ओतलं. मग हंडी नळाखाली स्वच्छ घासून मित्राच्या हातात दिली. माशाचं डोकं आणि मांसाचा एक तुकडा तेवढा नाएकोने वेगळा काढून घेतला.

घरात योने शांत बसून होती. नाएको परत आली तेव्हा ती म्हणाली, "नाए, एक सांगू का? मीठ बघायला मी घेतला होता घोटभर."

"किती, ताई?"

"एक पळी. मग आणखी एक. चांगला झाला होता गं."

आता गेन्सुकेचा चेहरा उतरला. घाईघाईत त्याने कोट चढवला, तो उलटा. चौघं ताकेजीच्या गाडीत दाटीवाटीने बसून दवाखान्यात गेले. डॉक्टर शहाणा माणूस होता. नाएकोचं सगळं ऐकून घेतलं, जबडा निरखून पाहिला, कुठेतरी फोन करून खात्री करून घेतली. ह्यावर उतारा नाही, म्हणाला. पाणी भरपूर प्यायचं, नजरेखाली राहायचं. उद्यापर्यंत अंग दुखायला लागलं, लघवीचा रंग काळपट झाला, तर मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. योनेला तिथेच खाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने विचारलं, "आजी, कुठे दुखतंय का?"

"कंबर दुखते."

गेन्सुके खुर्चीवरून उडालाच. "दुखते? कधीपासून?"

"आपलं लग्न झालं तेव्हापासून."

"अगं, आजची सांग! आज जास्त दुखते का?"

"काल दिवसभर संत्री काढली. न दुखून काय करेल?" मग खांदा हलवून बघत ती म्हणाली, "खांदाही दुखतोय जरा. पण तो पाऊस यायचा असला की दुखतो."

डॉक्टरने खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. ह्या बाईच्या अंगात मुळातच इतकी दुखणी होती की नवीन कुठलं आणि जुनं कुठलं, हे सांगणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. गेन्सुके मात्र तिच्या पायाशी बसून तिचे पाय चेपत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच, असं योने नंतर सगळ्यांना सांगे. दुपारी पाऊस आला, संध्याकाळपर्यंत खांद्याची कळ उतरली, आणि तिसऱ्या दिवशी ती घरी येऊन कांदे सोलत बसली. रक्तही तपासलं होतं, त्यात काही निघालं नाही.

योने वाचली म्हणून गेन्सुकेला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबरोबर हंडीचं दुःख परत वर आलं. त्याने नाएकोच्या दुकानात पाऊल टाकणं बंद केलं. आमिष शेजारच्या गावाहून आणू लागला. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मासा दर खेपेला थोडा अधिक मोठा आणि अधिक निर्दोष करून सांगू लागला.

नाएकोला दुसरीच रुखरुख होती. डोकं आणि मांस तिने बर्फात ठेवून जिल्ह्याच्या मत्स्यकेंद्राकडे पाठवलं होतं. दोनेक आठवड्यांनी तिथली एक तरुण संशोधक, मिझुहो नावाची, स्वतःच आली. किड्यांच्या खोक्यावर बसून चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज प्यायली आणि म्हणाली, "काकू, मासा निळा बुदाईच. पण मांसात काही सापडलं नाही. काळीज असतं तर सांगता आलं असतं."

"काळीज परसात पुरलं. म्हणजे होतं की नाही, कधीच कळणार नाही?"

"नाही कळणार. एकात असतं, दुसऱ्यात नसतं. एकाच खडकावरचे दोन असले तरी."

"असं कसं? आणि येतं कुठून ते विष?"

"खाण्यातून येत असावं, असं आम्हाला वाटतं. काय खाल्ल्याने, ह्यावर अजून एकमत नाही."

नाएकोने मांडी बदलली. तिचे डोळे चमकायला लागले. "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"आम्हालाही माहीत नाही," मिझुहो हसून म्हणाली. त्यानंतर दोघी इतका वेळ बोलत बसल्या की मुलीची बस चुकली आणि ताकेजीला तिला स्टेशनवर सोडावं लागलं.

केंद्राचा निकाल गावभर झाला. गेन्सुकेच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "सापडलं नाही! ऐकलंत? काही सापडलं नाही! माझी हंडी फुकट गेली!" काळजाचा भाग तो सांगत नसे.

वसंत लागला आणि नाएको एका सकाळी चढ चढून न्हाव्याच्या दुकानात गेली. बायका आमच्याकडे न्हाव्याकडून चेहऱ्याची लव आणि मानेवरचे केस काढून घेतात. तेच तिने सांगितलं आणि खुर्चीत बसून मान मागे टेकली. बाकावरची दोन माणसं वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागली.

गेन्सुकेने वस्तरा पट्ट्यावर घासला. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"काय वहिनी. आज धाडस केलंत."

"चेहरा तुमच्याशिवाय कुणाकडे न्यायचा?"

साबणाचा फेस गालावर आला. वस्तरा कानाखाली टेकला. गेन्सुके म्हणाला, "काही सापडलं नाही म्हणे."

"मांसात नाही सापडलं."

"मग माझी हंडी?"

"भाऊजी, चूक माझी. दुपारी हो म्हणायला नको होतं. बघते म्हणायला हवं होतं. हंडी त्या 'हो'ने गेली."

वस्तरा गळ्यापाशी येऊन थांबला. बाकावरच्या एकाने खाकरून घेतलं.

"आणि योनेला काही झालं असतं तर?" गेन्सुके हळू आवाजात म्हणाला. हे तो चेष्टेत म्हणाला नव्हता, आणि नाएकोवर रागावूनही नव्हता. "मी रात्रभर त्या खाटेशेजारी बसून एकच बघत होतो. हिची कंबर खरंच इतकी दुखते, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी म्हणायचो, उगाच कुरकुरते."

गेन्सुकेने उरलेला गाल हलक्या हाताने केला, गरम टॉवेल ठेवला, आणि टॉवेलावरूनच विचारलं, "ते चोचीचं मला एकदा नीट समजावा हो. दात एकमेकांना चिकटून एक कसे होतात?"

दुपारी तो दुकानात हजर झाला आणि जबड्यांच्या दोरीखाली बसून राहिला.

तेव्हापासून नाएकोने एक शिस्त लावून घेतली. कुणी कितीही घाईत असो, मासा बाहेर काढायचा, पर पसरायचे, खवले मोजायचे, आणि तोंड उघडून बघितल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही. आणि बघूनही कळलं नाही, तर तसं स्पष्ट सांगायचं. केंडाच्या, म्हणजे फुगणाऱ्या विषारी माशाच्या, बाबतीत तर ती हल्ली वारंवार "माहीत नाही" म्हणते. पाणी कोमट होत चाललंय तशी दोन जातींच्या केंडांची मिश्र पिल्लं वाढलीत. त्यांच्या अंगावरचे ठिपके ना आईसारखे, ना बापासारखे. असा मासा खायचा नाही, एवढंच ती सांगते. गावातल्या टवाळांनी तिला "दातांची डॉक्टरीण" नाव ठेवलं. "आ करा, आ करा," असं म्हणतच ते दुकानात शिरायचे. काहींना तिचं "माहीत नाही" आवडायचं नाही. दुकानदाराला माहीत नसेल तर कुणाला असणार, म्हणून कुरकुरत जायचे. पण पुढच्या रविवारी तेच बादली घेऊन दारात उभे.

सगळ्यात मोठं नवल केलं योनेने. गेन्सुके तिला बागेत वाकू देईना, तेव्हा घरी बसून काय करायचं म्हणून ती धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून बसायला लागली. गळ टाकायचा तिला कंटाळा. तिच्याकडे लांब दांड्याची एक जाळी होती. पाण्यावरून तरंगत जाणारं काहीही ती उचलून बघायची. भोपळ्याची साल, बाहुलीचा हात, एकदा ताकेजीची हरवलेली टोपी.

शरदातल्या एका सकाळी ती दुकानात आली आणि बादली नाएकोपुढे ठेवली. पाण्यात एक वाळकं, पिवळट तपकिरी पान आडवं पडलं होतं.

"ताई, हे काय?"

"तूच सांग. मला कुठे माहीत?"

"पान आहे."

"न बघता बोलू नकोस."

नाएकोने पानाला बोट लावलं. पान सरकलं. तिने पुन्हा बोट लावलं. पान उभं राहिलं, त्याला एक डोळा होता, आणि तो तिच्याकडे बघत होता. नाएको किंचाळली ती आनंदाने. ताकेजी आतून धावत आला, गेन्सुके केस कापायचं अर्ध्यावर टाकून आला, आणि त्याच्यामागे ते अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईकही आलं.

तक्त्यात तो मासा नव्हता. मिझुहोला फोन केला. ती म्हणाली, दक्षिणेच्या समुद्रातलं पिल्लू असणार, प्रवाहाबरोबर वाहत आलेलं. ही पिल्लं पानाचं सोंग घेऊन पाण्यावर पडून राहतात. पण थंडीत इथल्या समुद्रात जगणार नाही. "काकू, मोठा झाला की ओळखू यायचा नाही तुम्हाला. सगळाच बदलतो."

"सगळा म्हणजे कसा?"

"ठेवून बघा ना."

ताकेजीने आमिषाचा एक काचेचा हौद रिकामा केला आणि त्याला पाणी गरम ठेवायचं यंत्र बसवलं. किड्यांना दाटीवाटीने राहावं लागलं. हिवाळाभर लोक आमिष घ्यायला आले की आधी हौदापाशी वाकायचे. पान हळूहळू रुंद झालं. मग उंच झालं. तपकिरी रंग करडा होत गेला, अंगावर गडद पट्टे उमटले, पर वरखाली पाखराच्या पंखांसारखे लांबले. योने रोज यायची, आणि दोघी रोज भांडायच्या.

"काल पट्टा इथे नव्हता."

"होता गं. तुला दिसत नाही."

"मला दिसत नाही? मी ह्याला पाण्यातून उचललाय, तेव्हा तू पान म्हणत होतीस."

फेब्रुवारीत शहरातला एक गृहस्थ दोरा घ्यायला आला. हौदात डोकावून त्याने विचारलं, "हा कुठला मासा हो?"

नाएकोने मिझुहोने सांगितलेलं नाव त्याला सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "आज तरी हा आहे. पुढच्या महिन्यात या, तेव्हा परत विचारा." आणि स्टूल ओढून ती हौदासमोर बसली, कारण मासा नुकताच वळला होता आणि त्याच्या दुसऱ्या कुशीवर काय उमटलंय ते तिला बघायचं होतं.